लिनोचा पहिला ठसा: मुद्राचित्रण शिकू पाहणाऱ्यांसाठी

मुद्राचित्रण शिकायचं ठरलं की नवखा माणूस आधी हत्यारांच्या मागे लागतो. मीही लागले होते. सहा पात्यांचा संच आणला, आठवडाभर खपून लिनोलियमच्या, म्हणजे लिनोच्या, तुकड्यावर एक झाड कोरलं, पान न् पान सुटं केलं. मग शाई लावली, कागद ठेवला, दाबला, उचलला, आणि हाती आला तो काळा डाग. बारीक रेषा झाडून सगळ्या शाईनं बुजल्या होत्या. कोरण्यात काहीच चुकलं नव्हतं. शाई हवी त्याच्या चौपट होती, एवढंच.

पुढे इतरांना शिकताना पाहिलं तेव्हाही हेच दिसलं. कोरण्याला दोन दिवसांत हात बसतो. शाई कळायला वीस-पंचवीस ठसे वाया जातात. म्हणून इथे चित्रकलेबद्दल कमी आणि शाईबद्दल जास्त सांगणार आहे. ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणून कोणी मागे राहिलं असेल तर त्यांनी खुशाल पुढे यावं. एक पान, एक कात्री, एक चप्पल, एवढं ओळखू येईल असं काढता आलं तरी पुरतं.

आधी चार घराणी

एका पृष्ठभागावर चित्र तयार करायचं आणि त्याचा छाप कागदावर घ्यायचा, हे मुद्राचित्रणाचं मूळ. शाई नेमकी कुठे बसते यावरून त्याची चार घराणी पडतात. पहिलं उठावाचं: नको तो भाग कोरून काढायचा, उरलेल्या उंच भागाला शाई लागते. वुडकट (लाकडावर कोरलेलं), लिनोकट (लिनोवर कोरलेलं) आणि कचेरीतला रबरी शिक्का हे सगळे याच घरातले. दुसरं बरोबर उलटं. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर रेषा खोदायची किंवा आम्लाकडून खाववून घ्यायची, त्या खाचेत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद प्रेसखाली इतका दाबायचा की तो खाचेतली शाई ओढून घेईल. आम्लानं खाववलेलं एचिंग याच घरातलं. तिसऱ्यात ना उंच ना खोल. दगड सपाटच असतो आणि तेल व पाणी एकमेकांना धरत नाहीत एवढ्यावर सगळा खेळ चालतो. ही लिथोग्राफी आलोइस झेनेफेल्डरनं १७९६च्या सुमारास शोधली. चौथं जाळीचं, म्हणजे स्क्रीन प्रिंट: ताणलेल्या जाळीतून शाई खाली ढकलायची, जिथे जाळी बंद तिथे कागद कोरा.

सुरुवात लिनोकटनं करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ल लागत नाही, दगड लागत नाही, प्रेस नसली तरी चालते. लाकडाला रेषांची दिशा असते. आडवं गेलं की ढलपी उडते. लिनोला तशी दिशाच नाही, कुठूनही कुठेही वळा. मुळात हा जमिनीवर अंथरण्याचा पदार्थ. १८६०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसानं तो तयार केला. जवसाचं तेल घट्ट होईपर्यंत वाळवायचं, त्यात राळ आणि बुचाचा भुसा मिसळायचा आणि ते मिश्रण तागाच्या कापडावर लाटायचं. छपाईच्या तेली शाईतही बहुधा जवसाचंच तेल असतं, त्यामुळे ब्लॉक, म्हणजे कोरायचा लिनोचा तुकडा, आणि शाई तशी नात्यातली.

काय काय जमवायचं

साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचा लिनोचा तुकडा घ्या. त्याहून मोठा नकोच. मोठा ब्लॉक अर्धवट राहतो, छोटा संध्याकाळपर्यंत छापून होतो. बाजारात ‘सॉफ्ट कट’ नावाचे रबरासारखे मऊ तुकडेही मिळतात. ते लोण्यासारखे कापले जातात, पण त्यावर रेषेची कड जरा गोलसर होते आणि जोरात दाबलं तर बारीक रेष वाकते. शिक्के करायला ते छान. हात तयार करायचा असेल तर तागाच्या पाठीचा करडा किंवा तपकिरी लिनोच घ्या.

हत्यारं दोनच पुरतात: एक अरुंद ‘व्ही’ टोकाचं रेषेसाठी आणि एक रुंद ‘यू’ टोकाचं मोकळी जागा साफ करायला. सहांच्या संचातली चार माझ्या डब्यात अजून कोरी पडली आहेत. धार मात्र हवीच. बोथट हत्यार जोर मागतो, जोर लावला की ते निसटतं, आणि निसटलं की ते लिनो सोडून दुसरीकडेच जातं.

शिवाय एक रबरी रोलर, शाई पसरायला गुळगुळीत काच किंवा जाड ॲक्रिलिकचा तुकडा, पॅलेट नाईफ (शाई ओढायची बोथट, लवचिक सुरी), आणि दाबायला लाकडी किंवा स्टीलचा चमचा. जपानी छापकार यासाठी ‘बॅरन’ नावाची गोल चपटी गादी वापरतात, पण चमच्यानं काहीही अडत नाही. काचेच्या कडा घासलेल्या असाव्यात किंवा त्यांवर चिकटपट्टी लावावी.

शाईत दोन वाटा आहेत. पाण्यातली शाई धुवायला सोपी, पण काचेवर पाहता पाहता सुकते. पंख्याखाली तर बघायलाच नको. तेलातली शाई तासभर आरामात काम करू देते आणि काळाही खोल देते, पण ठसा वाळायला दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत वेळ घेते. हल्ली साबण-पाण्यानं निघणारी तेली शाईही मिळते. जमलं तर तीच घ्या. पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक रंग लावून पाहायचा मोह होईल, पण तो आवरा. ते पातळ असतात, खाचेत उतरतात आणि कागद ब्लॉकला चिकटवून ठेवतात. रंग काळा घ्या, फक्त काळा. चूक कुठे झाली हे काळ्यात लगेच दिसतं.

चित्र उतरवताना

दोन गोष्टी डोक्यात ठेवायच्या. कोरलं ते पांढरं, ठेवलं ते काळं. मधला राखाडी नाहीच. आणि छाप आरशातल्यासारखा उलटा येतो. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकारानं १५१५ साली केलेल्या गेंड्याच्या वुडकटचं रेखाटन जपून ठेवलेलं आहे. रेखाटनातला गेंडा आणि छापातला गेंडा एकमेकांच्या उलट दिशांना तोंड करून उभे आहेत. गेंड्याचं त्यानं काही बिघडत नाही. अक्षरांचं बिघडतं.

देवनागरीत तर हा उलटेपणा सहज फसवतो, कारण शिरोरेषा वर असते ती वरच राहते आणि ओळ पहिल्या नजरेत ठीकच वाटते. मी एकदा एका शुभेच्छापत्रासाठी चार शब्द सरळच कोरले. छाप उचलला तर काना उजवीकडचा डावीकडे गेलेला, आणि ह्रस्व वेलांटीची दीर्घ झालेली! शुद्धलेखनाची अशी चूक करायला आठवडा लागला होता. अक्षरं असतील तर ट्रेसिंग पेपरवर लिहा, कागद पालथा करा, खाली कार्बन पेपर ठेवा आणि मागून दिसणारी उलटी अक्षरंच गिरवा. कोरण्याआधी ब्लॉक आरशासमोर धरून वाचा.

लिनोवर आधी पातळ केलेल्या शाईचा किंवा मार्करचा एक हलका हात फिरवा. कोरलेली रेष मग खालच्या मूळ रंगात उजळ दिसते आणि छाप कसा येईल याचा अंदाज कोरतानाच येत जातो. ही युक्ती मला फार उशिरा कळली.

नवख्यांचा कल असा असतो की पेन्सिलीची प्रत्येक रेष काळी राखायची आणि आजूबाजूचं सगळं खरवडून काढायचं. त्यात मेहनत दसपट आणि रेषा तुटायची भीती सदैव. उलट करून बघा: हत्यार हाच खडू समजा आणि काळ्या फळ्यावर पांढऱ्यानं काढतोय असं धरून चला. चित्रकार नंदलाल बोस यांचं १९३०चं लिनोकट, हातात काठी घेऊन चाललेले गांधीजी, एकदा नीट पाहा. काळ्या पटावर मोजक्या पांढऱ्या रेषा, बस.

कोरणं

लिनो थंड असेल तर कडक होतो आणि कडेला तुकडे उडतात. दहा मिनिटं उन्हात ठेवा, किंवा हेअर ड्रायरनं किंचित गरम करा. हत्यार सरसर चालायला लागतं. फार जुना, ठिसूळ झालेला लिनो मात्र गरम करूनही वठणीवर येत नाही. तो टाकून द्या.

हत्याराची मूठ तळहातात, तर्जनी पात्याच्या जवळ, आणि हत्यार जवळपास आडवं. उभं धरलं की ते खाली तागापर्यंत घुसतं. लिनो साधारण ३ मिलिमीटर जाड असतो. बारीक रेषेला १ मिलिमीटरही खूप. मोठी मोकळी जागा असेल तर थोडं खोल जा, नाहीतर रोलर तिथे टेकून शाई सोडतो. ताग दिसला तर समजायचं की जास्त झालं.

आता या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य: मोकळा हात नेहमी हत्याराच्या मागे. ब्लॉक धरणारा हात पुढे असला की आज ना उद्या बोट कापणारच. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी याची पांढरी खूण आहे. लाकडाची एक फळी घ्या, तिच्या एका कडेला खालून एक पट्टी ठोका, समोरच्या कडेला वरून दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडकते, वरच्या पट्टीला ब्लॉक टेकतो, आणि पुढे हात ठेवायची गरजच राहत नाही. याला बेंच हुक म्हणतात.

वळणदार रेष काढताना हत्यार वळवू नका. हत्याराचा हात स्थिर ठेवा आणि दुसऱ्या हातानं ब्लॉक फिरवा. गोल नुसते सरकत येतात. उभ्या राहणाऱ्या रेषेच्या दोन्ही बाजू डोंगराच्या उतारासारख्या, म्हणजे पायाशी रुंद असाव्यात. आतून पोखरलेली रेष दोन-चार ठशांतच आडवी होते.

आधी कडा, मग आतला भाग. आणि वाटतं त्याच्या थोडं आधी थांबा. कोरलेलं परत भरता येत नाही, राहिलेलं केव्हाही कोरता येतं. मध्येच अंदाज हवा असेल तर ब्लॉकवर पातळ कागद ठेवून त्यावर आडव्या पेन्सिलीनं घासा. उंच भाग काळा उमटतो. शाई न सांडता छापाची झलक मिळते.

शाई

इथे सावकाश या. कोरल्यानंतर ब्रशनं सगळे कण झटकून टाका, कारण एक कण छापात पांढऱ्या वर्तुळासारखा दिसतो. काचेवर शाई घ्या, आपल्या ब्लॉकसाठी वाटाण्याएवढी. कमी वाटेल. तरी तेवढीच घ्या. पॅलेट नाईफनं ती रोलरच्या रुंदीएवढ्या पट्टीत ओढा, मग रोलर फिरवा. नुसता पुढे-मागे घासला तर रोलरचा तोच तोच भाग शाई घेत राहतो. प्रत्येक फेरीला रोलर उचला, हवेत जरा फिरू द्या, पुन्हा टेकवा. उभा, मग आडवा.

आता ऐका. शाई जास्त असेल तर रोलर उचलताना ओला, चिकट, ‘चटचट’ आवाज येतो आणि काचेवर संत्र्याच्या सालीसारखे उंचवटे दिसतात. योग्य झाली की आवाज बारीक होत जातो, रेशमी कापड ओढल्यासारखी ‘सस्स’ अशी सळसळ येते आणि थर मखमलीसारखा एकसारखा दिसतो. हा आवाज एकदा कानात बसला की मोजमापाची गरज उरत नाही. आवाजच आला नाही, रोलर नुसता गुळगुळीत फिरला, तर शाई कमी आहे किंवा सुकू लागली आहे.

ब्लॉकवर एकच जाड थर कधीही देऊ नका. पातळ थर द्या, रोलर पुन्हा काचेवर फिरवून ताजा करा, परत द्या, दिशा बदलून. चार-पाच वेळा. रोलरवर जोर द्यायचा नाही, त्याचं वजनच पुरे. शेवटी ब्लॉक डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरून उजेडात बघा. सगळीकडे सारखीच मंद चमक हवी. जिथे ओलं तळं चमकतं तिथे जास्त झालं, जिथे लिनोला चमकच नाही तिथे राहिलं.

छाप घेणं

हातानं छापायचं तर कागद पातळ आणि गुळगुळीत हवा, साधारण ८० ते १२० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). जपानी पद्धतीचा लांब तंतूंचा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं, पातळ असून फाटत नाही. २०० जीएसएमचा जाड, दाणेदार वॉटरकलर कागद दिसतो भारदस्त, पण चमच्याला तो जुमानत नाही. त्याला प्रेसच हवी. आधी साध्या कागदावर तीन-चार ठसे काढा.

एका मोठ्या कागदावर ब्लॉकची आणि त्याभोवती छापायच्या कागदाची चौकट पेन्सिलीनं आखून ठेवा. ब्लॉक आपल्या चौकटीत, कागद आपल्या कोपऱ्यात. समास सारखे येतात. कागद धरायला पुठ्ठ्याचे दोन दुमडलेले तुकडे चिमट्यासारखे वापरा. शाईचा हात कुठे ना कुठे लागतोच, आणि तो नेमका पांढऱ्या समासातच लागतो.

कागद एकदा टेकला की सरकवायचा नाही. तळहातानं मधून बाहेर हलकेच दाबा म्हणजे तो शाईला धरून बसतो. मग वर बटर पेपरचा तुकडा ठेवा, म्हणजे चमच्यानं कागद सोलवटत नाही, आणि चमच्याच्या फुगीर पाठीनं लहान लहान गोलात घासा. मधून कडांकडे. कोपरे विसरतात, तिथे दोनदा जा. पातळ कागदातून आतलं काळं हळूहळू पाठीवर उमटताना दिसतं. न उमटलेली जागा लगेच कळते.

काढण्याआधी एक कोपरा उचलून डोकावून पाहा, बाकीचा कागद दुसऱ्या हातानं दाबून धरा. फिकं असेल तर कोपरा परत टेकवा आणि तेवढ्याच भागावर घासा. ठीक असेल तर एका कोपऱ्यापासून सावकाश सोलत घ्या. एक बारीक चरचर येते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाची मजुरी त्या चरचरीतच वसूल होते.

पहिला ठसा फिका येणार. नवा लिनो शाई पितो. दुसरा बरा, तिसऱ्या-चौथ्यापासून खरा रंग. म्हणून एका ठशावरून ब्लॉकला नावं ठेवू नका. किमान दहा काढा आणि ओळीनं मांडून बघा.

ठसा काय सांगतो

सगळीकडे पांढरे ठिपके असतील तर शाई किंवा दाब कमी आहे. दोन्ही एकदम वाढवू नका, नाहीतर दोष कशाचा ते कधीच कळणार नाही. बारीक रेषा बुजल्या असतील तर शाई जास्त. अशा वेळी ब्लॉक धुवायची घाई नको, शाई न लावता रद्दी कागदावर एक-दोन ठसे काढा, साचलेली शाई निघून जाते. कडा दुहेरी दिसल्या तर कागद सरकला. एकाच ठिकाणी दर वेळी पांढरं राहत असेल तर लिनो तिथे किंचित खोलगट आहे. ब्लॉकखाली त्या जागी कागदाचा कपटा ठेवा.

मोकळ्या जागेत हत्याराच्या खुणा काळ्या उमटतात, त्याबद्दल वाद आहेत. काही जण एक खूण ठेवत नाहीत. मला त्या आवडतात. हात कुठून कुठे गेला ते त्यात दिसतं. फक्त त्यांची दिशा आकाराला साजेशी असावी, म्हणजे साफ करतानाही वाटेल तसं खरवडायचं नाही.

आवरणं आणि सही

ठसे दोरीला चिमट्यांनी टांगा किंवा सुटे पसरून ठेवा, एकावर एक नकोत. तेली शाई काढायला आधी स्वयंपाकाच्या तेलात भिजवलेली चिंधी, मग भांड्यांचा साबण. ब्लॉक पाण्यात भिजत ठेवू नका, तागाची पाठ फुगून तो वाकतो. रोलर रबराच्या अंगावर उभा ठेवला तर सपाट खड्डा पडतो. तो टांगून ठेवा. आणि एक गंभीर सूचना: जवसाच्या तेलाची शाई पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. त्या सुट्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

चांगले, एकसारखे ठसे वेगळे काढा. ती तुमची आवृत्ती. चित्राखाली पेन्सिलीनं डावीकडे क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही. ३/८ म्हणजे आठांच्या आवृत्तीतली तिसरी प्रत. ती तिसऱ्याच क्रमानं छापली गेली असेल असं नाही. स्वतःसाठी ठेवलेल्या एखाद-दुसऱ्या प्रतीवर ‘ए.पी.’, म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, लिहितात. बिघडलेल्या प्रतींवर सही नको, पण त्या फाडूही नका. मागे तारीख आणि काय बिघडलं ते लिहून ठेवा.

दुसरा रंग

काळ्यात तीन-चार ब्लॉक झाले की रंगाची ओढ लागते. प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक करता येतो, पण एकाच ब्लॉकवर भागवायची रिडक्शन ही रीत जास्त मजेची. आधी पांढरे राहणारे भाग कोरायचे आणि सगळ्या प्रती फिक्या रंगात छापायच्या. मग त्याच ब्लॉकवर फिके राहायचे भाग कोरून काढायचे आणि त्याच प्रतींवर गडद रंग छापायचा. पिकासोनं १९५०च्या दशकाच्या शेवटी ही रीत भरपूर वापरली. धोका एवढाच की दुसरी कोरणी झाली की पहिला रंग कायमचा गेला. आणखी एक प्रत हवी म्हटलं तरी मिळणार नाही. त्यामुळे संख्या आधीच ठरवायची. दुसरा रंग बसवताना दोन-तीन प्रती हमखास सरकतात, म्हणून आठ हव्या असतील तर पहिल्या रंगाला कागद बारा घ्या. पहिला रंग वाळेपर्यंत थांबायचं, आणि तोवर आखलेल्या चौकटीचा कागद टेबलावरून कोणी उचलणार नाही याची काळजी घ्यायची.